पेन्सिल हीलचं टोक किती बारीक करता येतं?

पेन्सिल हील जितकी बारीक तितकी देखणी, हे माझं पक्कं मत. पण बारीकपणाला मर्यादा घालतं ते आतलं पोलाद. नुसतं प्लॅस्टिक वजनाने मोडेल, म्हणून १९५०च्या दशकापासून टाचेच्या गाभ्यात पोलाद घालू लागले. हल्ली आत बहुधा नळी असते आणि जमिनीला टेकणाऱ्या टिपची पिन तिच्यात घट्ट ठोकतात. पिन ३ मिलिमीटरची धरा, भोवती नळीची भिंत, वर प्लॅस्टिकचा थर. मग ५-६ मिलिमीटरच्या खाली जाणं अवघडच. त्याहून बारीक हवी तर अख्खी टाच धातूची करावी लागते.

६ मिलिमीटर व्यासाच्या टोकावर क्षणभर ६० किलो आले, तर दर चौरस सेंटिमीटरवर २०० किलोहून जास्त भार! म्हणूनच टिप कडक पॉलियुरेथेनची हवी, मऊ रबर लगेच चेपतं.

कॅम्पातले माझे दुरुस्तीवाले काका टिप ठोकल्यावर कडा कानशीने टाचेबरोबर घासतात. "ताई, कड बाहेर राहिली तर फटीत अडकते," ते म्हणतात. लक्ष्मी रस्त्यावर हील घालून फिरणाऱ्या मैत्रिणींनो, पिन उघडी पडायच्या आत टिप बदला. नंतर नळीचं तोंड ठेचलं जातं आणि नवी पिन नीट बसत नाही.