तुम्ही विचारलंत म्हणून: सरासरीला रेघ कशाला?

"सर, सूत्रानं झटकन येतंय की, मग सरासरीच्या गणिताला संख्यारेषा का काढायला लावता?" कोल्हापुरात राजारामपुरीत जीआरईचा, म्हणजे परदेशी पुढं शिकायला जाण्यासाठीच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास घेतो तेव्हापासून हे ऐकतोय. पोरं विचारतात, पालक फोनवर विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत एकानं विचारलं. एकदाच नीट सांगतो.

वेळ जातो म्हणता, ते मला मान्य नाही. जीआरईत क्वांटच्या, म्हणजे गणिताच्या, दुसऱ्या सेक्शनला १५ प्रश्न आणि २६ मिनिटं, हे मलाही माहितीय. पण चार टेस्टची सरासरी ८० आहे, पाचवीत किती पडले की ८२ होईल, असं विचारलं की पोरं ३२० काढतात, ४१० काढतात, मग वजाबाकी. रेघेवर ८२ ला उभं राहा ना. आधीच्या चारही टेस्ट २-२ नं मागं, म्हणजे ८ ची तूट, ती एकट्या पाचवीनं भरायची, म्हणून ९०. सांगलीला ताशी ४० नं गेलात आणि त्याच रस्त्यानं ६० नं परत आलात तर सरासरी ४८ येते, कारण ४० च्या स्पीडनं तुम्ही जास्त वेळ रस्त्यावर होता, म्हणून ती ४० कडं सरकते. हे रेघेवर दिसतं.

आता खरं कारण. मी सातवीत होतो, स्कॉलरशिपच्या परीक्षेची तयारी चालू होती. सरांनी फळ्यावर ४८, ५२, ४७, ५५, ५३ लिहिले आणि खडू खाली ठेवायच्या आत मी ५१ म्हणालो. वडील शाहूपुरीत गुळाच्या पेठेत कामाला, रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, वजनं ते अशीच मनात जुळवायचे, हा दोन कमी, तो तीन जास्त, तेच बघून मी शिकलेलो. सर म्हणाले, पायऱ्या? मी म्हणालो ५० धरले, दोन कमी, दोन जास्त, तीन कमी, पाच जास्त, तीन जास्त, पाच उरले, पाच जणांत एकेक. "कुणाचं बघून सांगतोस?" वही उघडून बघितली, शेजारच्याची पण बघितली, त्याला उगाच एक बसली, आणि मला तास संपेपर्यंत फळ्याजवळ उभं केलं. घरी काहीच सांगितलं नाही. कारण सांगायचं म्हणजे वडिलांची पद्धत चुकीची ठरली हे त्यांच्या तोंडावर सांगायचं.

पुढं मी बेरीज भागिले संख्या असंच लिहीत गेलो. त्या वेळचा मी आजच्या मला म्हणतो, बाबा, पायऱ्यांनीच मार्क मिळाले, इंजिनिअरिंगही त्यावरच झालं, तक्रार कसली? त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. कधीच रेघ न मारता क्वांटला १७०, म्हणजे पैकीच्या पैकी, आणणारी पोरं आहेत, मी बघितलीत. पण त्याच परीक्षेच्या सूचनांत लिहिलेलं असतं की भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही, संख्यारेषा मात्र प्रमाणात असते. म्हणजे तिथं डोळ्यांवर भरवसा ठेवायची मुभा आहे, आणि ० ते १ मधला x दाखवला तरी आमची पोरं x पेक्षा x² मोठा म्हणून मोकळी होतात, असतो तो लहान.

दशांशातले वेडेवाकडे आकडे आले की मीही म्हणतो, स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर उघड आणि सूत्र लाव. मग पोरं विचारतात, कुठं रेघ आणि कुठं सूत्र हे आधी ओळखायचं कसं? याला नीट उत्तर अजून माझ्याकडं नाही, मी पुढचं गणित देतो.