मोठे टायर बसवून पिकअपचे गिअरिंग बदलले: माझा अनुभव

माझ्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप ट्रकच्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीत) 41 दातांचा क्राऊन, म्हणजे मोठे दातेरी चक्र, आणि त्याला फिरवणारा 10 दातांचा छोटा पिनियन आहे. म्हणजे रेशो 4.10: चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे 4.10 फेरे. ओझे ओढायला हा रेशो उत्तम, पण माझा ट्रक बहुतेक वेळा रिकामाच धावतो आणि महामार्गावर पाचव्या गिअरमध्येही इंजिन इतके फिरत असे की पुढे आणखी एक गिअर असेल या आशेने हात लिव्हरकडे जाई. 11 दातांचा पिनियन असलेला संच टाकला असता तर रेशो 3.73 झाला असता. परंतु फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा रेशो सारखाच असावा लागतो, त्यामुळे दोन्ही डिफरन्शियल उघडून, शिम (पातळ चकत्या) लावून दातांमधले अंतर नव्याने जुळवणे आले. टायर मात्र झिजले होते आणि ते बदलायचेच होते, म्हणून तेच मोठे घेऊन काम भागते का, हे आधी कागदावर तपासले.

इंजिनाचा जोर रस्त्यापर्यंत नेणाऱ्या साखळीतला टायर हा शेवटचा दुवा. त्याचा घेर वाढला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे गिअर एकाच प्रमाणात लांबतात, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरते. ट्रकवर 245/75 आर 16 मापाचे टायर होते. 245 मिलिमीटर रुंदीच्या 75 टक्के म्हणजे सुमारे 184 मिलिमीटर ही रिमच्या कडेपासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतची उंची. तिची दुप्पट करून त्यात 16 इंची रिम मिळवली की व्यास 774 मिलिमीटर येतो. 285/75 आर 16 चा व्यास याच हिशेबाने 834 मिलिमीटर. मात्र वजनाखाली टायर दबतो आणि प्रत्यक्ष घेर या आकड्यांवरून काढलेल्या घेरापेक्षा थोडा कमी भरतो, म्हणून मी टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करून, हवा योग्य दाबाची ठेवून, ट्रक चाकाच्या बरोबर एका फेऱ्याइतका ढकलला आणि टेपने अंतर मोजले. जुन्या टायरचे ते 2.36 मीटर भरले, आणि नवे बसवल्यावर 2.54 मीटर. म्हणजे 7.6 टक्के वाढ, आणि 4.10 चा परिणामी रेशो, म्हणजे जुन्या टायरच्या हिशेबाने मोजलेला, 3.81. पाचव्या गिअरचा रेशो 0.75 असल्याने ताशी 100 किलोमीटरला इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे 2170 वरून 2020 वर आले. दीडशे फेऱ्यांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण लांबच्या प्रवासात तो कानाला नक्की जाणवतो.

बसवण्याच्या कामात खरा वेळ गेला तो जागा तपासण्यात. सरळ उभ्या ट्रकमध्ये सगळे ठीक दिसते. पण एक पुढचे चाक उंचावर चढवून स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचा बाहेरचा खांदा मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, चाकाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, घासू लागला. ते अस्तर गरम हवेने मऊ करून आत दाबले आणि कडेची पट्टी कापली. रिमची रुंदी 285 च्या टायरला चालते का आणि नव्या टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी तर नाही ना, हे खरेदीपूर्वीच पाहिले होते. स्टेपनीही त्याच मापाची घेतली, कारण वेगळ्या घेराचे एकच चाक लावून फोर-व्हील ड्राइव्ह चालवल्यास ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) आणि डिफरन्शियलवर ताण येतो.

त्यानंतर स्पीडोमीटर. पूर्वी बरोबर वेग दाखवणारा काटा आता 100 वर असताना ट्रक 107 च्या पुढे असे, म्हणून जीपीएसशी ताडून ट्रकच्या संगणकात नव्या टायरचे माप भरून घेतले. हे काम मागे ठेवू नये, कारण किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात कमी होते आणि इंधनाचा हिशेब चुकतो. लिटरमागे 10 किलोमीटर दिसत असतील तर प्रत्यक्षात ते 10.76 असतात. मोठ्या टायरने मायलेज घसरले, अशा अनेक तक्रारींमागे हे न केलेले गणितही असते, असे माझे मत आहे.

मोबदला मात्र द्यावा लागतोच. तोच वेग राखायला इंजिनाला तेवढीच शक्ती कमी फेऱ्यांत द्यावी लागते, त्यामुळे समोरून वारा असला किंवा चढ लागला की पाचव्यात इंजिन दबते आणि चौथा टाकावा लागतो. पहिला गिअरही लांबल्याने भरलेला ट्रक चढावर उचलताना क्लच थोडा जास्त वेळ अर्धा ठेवावा लागतो. ब्रेकचे तर अगदी सरळ आहे: पॅडची पकड तीच, पण चाकाची त्रिज्या वाढलेली, म्हणून पेडलवरच्या तेवढ्याच दाबाला रस्त्यावरचा रोध सुमारे 7 टक्क्यांनी कमी मिळतो. शिवाय टायर जड असल्याने वेग घेताना आणि थांबताना दोन्हीकडे त्याचा भार पडतो. हे ध्यानात घेऊन मी पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवले आहे.

माझ्याकडे 4.10 होता म्हणून हा सौदा परवडला. ज्याच्या ट्रकला मुळातच 3.42 चा रेशो आहे, त्याने हेच टायर चढवले तर परिणामी रेशो 3.18 होईल; ओझ्यासह त्याचा पाचवा गिअर क्वचितच कामी येईल आणि शेवटी क्राऊन-पिनियन बदलण्याचा खर्च त्याच्या वाट्याला येईलच.