ब्लॅकबेरी की-टू: बटणांचा फोन रोज वापरताना

बटणांचा फोन म्हणजे झपाझप टायपिंग, या अपेक्षेने की-टू घेऊ नका. काचेवर सरावलेले अंगठे सुरुवातीला बटणांवर अडखळतातच. पुढे चुका कमी होतात, कारण प्रत्येक अक्षराची कड बोटाला कळते. पण या फोनवर जीव जडतो तो शॉर्टकटमुळे.

होम स्क्रीनवर २६ अक्षरांपैकी प्रत्येकाला दोन कामं नेमून देता येतात: एक साध्या दाबाला, दुसरं दाबून धरण्याला. म्हणजे एकूण ५२. खालच्या ओळीत उजव्या टोकाला स्पीड की आहे. ती धरून अक्षर दाबलं की कुठल्याही ॲपमधून तेच काम होतं, होम स्क्रीनवर परत जावं लागत नाही. सगळी ५२ एकदम भरायला बसू नका, लक्षात राहत नाहीत. रोजची पाच-सहा ॲप्स घ्या आणि अक्षर शक्यतो नावातलं पहिलं ठेवा. फोन लावण्याचं काम मात्र नेहमी दाबून धरण्यावरच नेमा. साध्या दाबावर ठेवलंत तर खिशातून काढताना अंगठा लागूनही भलत्याच माणसाला फोन जातो.

दुसरी कमाल म्हणजे बटणांचा पृष्ठभागच स्पर्श ओळखतो. बटणांवरून वर-खाली अंगठा फिरवला की पान सरकतं आणि वाचताना पडद्यावर बोट आडवं येत नाही. डावीकडे झटका दिला की आधीचा अख्खा शब्द पुसला जातो. सुचवलेला शब्द हवा असेल तर त्याच्या खालच्या बटणांवरून वर झटका द्यायचा. बोटं ओली असली की हेच बिघडतं: पान आपोआप सरकतं, नको तो शब्द घुसतो. स्पेसबारमधला ठशांचा सेन्सरही ओल्या बोटाला दाद देत नाही, त्यामुळे पावसाळ्यात पिन पाठ हवा.

आकडे अक्षरांवरच आहेत: डब्ल्यू, ई, आर म्हणजे १, २, ३, खाली एस, डी, एफ म्हणजे ४, ५, ६, त्याखाली झेड, एक्स, सी म्हणजे ७, ८, ९. शून्याला स्वतंत्र बटण आहे. सलग आकडे लिहायचे असतील तर ऑल्ट (आकडे उमटवणारं बटण) दोनदा दाबून लॉक करा. अक्षरं-आकडे मिसळलेला पासवर्ड टाकताना हे लॉक सुटलंय ना, ते आधी बघा.

आता मराठी. इथे हा फोन कमी पडतो आणि दोष बटणांच्या संख्येचा आहे. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत, च, ट, ड आणि य ही अक्षरं अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरप्या रेघेच्या बटणांवर बसतात. फोनच्या २६ अक्षरांमध्ये ती बटणंच नाहीत. मग सेटिंग्जमध्ये भाषा व इनपुट, त्यात फिजिकल कीबोर्ड, तिथे व्हर्च्युअल कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय चालू करायचा आणि पडद्यावर मराठी लिहायचं. ४.५ इंची, ३:२ प्रमाणाच्या पडद्याचा बराच भाग त्यात झाकला जातो. लांब मजकुरासाठी बोलून टायपिंग करणं सोयीचं. दिवसभर देवनागरीत लिहिणाऱ्याने हा फोन घेऊ नये, हे मी स्पष्टच सांगेन.

हा फोन २०१८ चा. टीसीएल या चिनी कंपनीने ब्लॅकबेरीच्या नावाने फोन विकणं ऑगस्ट २०२० नंतर थांबवलं, त्यामुळे आता मिळतो तो बहुधा वापरलेलाच. अँड्रॉइड ८.१ वरच अडकलेला आहे, म्हणून आपल्या बँकेचं ॲप त्यावर चालतं का, हे पैसे देण्याआधी पाहा. शक्य असेल तर बँकेचे व्यवहार दुसऱ्या फोनवरच ठेवा. फोन 4जीपर्यंतच चालतो.

हातात घेतल्यावर नोट्स उघडून प्रत्येक अक्षर दहा-दहा वेळा दाबा. एकदा दाबून दोन अक्षरं उमटली किंवा स्पेस चुकली तर बटणांखाली कचरा असेल किंवा संपर्क झिजलेला असेल. घरी आणलेल्या फोनवर असं होऊ लागलं तर तो बंद करून आडवा धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने ओळींच्या फटी झाडा. फुंकर मारू नका, थुंकीची वाफ आत जाते. तरीही अक्षर दुबार येत राहिलं तर कीबोर्डचा भागच बदलावा लागतो. म्हणून विकत घेताना या चाचणीत नापास होणारा फोन सोडून द्या, किंमत कितीही उतरवली तरी.