सिकलसेलची चाचणी जमली, पण एन्झाइम स्टोअरमधून सुटेना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सरांनी सिकलसेलचा विषय दिला तेव्हा वाटलं होतं, अवघड जे काय असेल ते प्रयोगशाळेत असेल. पण रक्तातून डीएनए काढणं, पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं), जेल (तुकडे लांबीनुसार वेगळे करणं) हे सगळं हाताला बसलं. अडलं ते स्टोअरमध्ये, तेही मे महिन्यात, नागपुरात. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

सिकलसेल म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, विदर्भात तो कोणाला सांगावा लागत नाही. बीटा-ग्लोबिन जनुकाच्या सहाव्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या सहाव्या शब्दात, जीएजीचं जीटीजी होतं, एका अक्षराचा फरक. नशीब असं की नेमक्या त्या जागी डीडीई-वन नावाच्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमची कात्री चालते. त्याला सी, टी, मग कोणतंही एक अक्षर, मग ए, जी असा क्रम लागतो. नॉर्मल जनुकात तो आहे. सिकलच्या जनुकात ए जाऊन टी आला की एन्झाइम ती जागा ओळखतच नाही. पीसीआरने वाढवलेला तुकडा एन्झाइमसोबत ३७ अंशांवर ठेवायचा आणि जेलवर पळवायचा. कापला गेला तर नॉर्मल, नाही कापला तर सिकल, दोन्ही प्रकारचे बँड (पट्टे) दिसले तर वाहक, म्हणजे ज्याच्या दोनपैकी एकच जनुक सिकलचं आहे असा. सोल्युबिलिटी टेस्ट या झटपट प्राथमिक चाचणीत वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत, इथे कळतात. पीसीआरवरचा १९८५ सालचा पहिला शोधनिबंधसुद्धा याच जनुकावर, सिकलसेलच्या निदानासाठीच होता.

आता स्टोअर. इंडेंट (मागणीपत्र) भरला, त्यात ‘नग’ आणि ‘वॉरंटी’ असे रकाने. तीन कोटेशन मागवले, तर तिन्हींवर एकाच कंपनीचा माल, म्हणून ‘स्पर्धा नाही’ असा शेरा मारून फाइल परत. हेही निभावलं. पार्सल आलं शुक्रवारी दुपारी. थर्माकोलचा डबा, आत ड्राय आइस, तोही बराचसा उडून गेलेला. नियम असा की मालाची तपासणी झाल्याशिवाय तो विभागाला द्यायचा नाही, आणि तपासणी करणारे साहेब सोमवारपर्यंत रजेवर. बाहेर पारा ४५ च्या घरात. स्टोअरमध्ये एक कूलर, तोही पाच वाजता बंद होणार.

बाबूकाकांनी डबा उघडून ट्यूब उजेडात धरली. “मॅडम, ह्यात तं काहीच नाही.”

“काका, शंभर मायक्रोलीटर आहे. दोन-तीन थेंब.”

“एवढ्याचे एवढे पैसे?” मग लेबलवरचं तापमान वाचून म्हणाले, “तुम्हीच तं इंडेंटमधी लिहिलं, ३७ डिग्रीवर काम करते म्हणून. मंग सोमवारपर्यंत टेबलावर राहिलं तं काय बिघडते?”

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून जास्तच चिडचिड झाली. ३७ अंशांवर एन्झाइम तास-दोन तास काम करतं, पण साठवायचं उणे २० वर, पन्नास टक्के ग्लिसरॉलमध्ये, म्हणजे ते गोठतही नाही. शेवटी ते प्रोटीन आहे, अशा उन्हाळ्यात तीन दिवस बाहेर राहिलं तर गेलंच. आणि इथली खरी भीती वेगळी आहे. एन्झाइम मेलं तर काहीच कापलं जाणार नाही आणि धडधाकट माणसाचा नमुना जेलवर सिकलच्या रुग्णासारखा दिसेल. हे काकांना समजावताना माझा आवाज चढला. त्यांचा नाही चढला.

मार्ग सरांनी काढला. अर्धं पान मी लिहिलं: ‘तपासणीच्या अधीन राहून माल विभागाच्या फ्रीझरमध्ये ठेवण्यात येत आहे.’ डब्याला स्टोअरची चिकटपट्टी, पट्टीवर काकांची सही, आणि सीलबंद डबा आमच्या उणे २० मध्ये. सोमवारी साहेबांनी तिथेच येऊन सील फोडलं. हा मसुदा आता आमच्या विभागात पुढच्या बॅचला मिळतो, याचा मला रिझल्टपेक्षा जास्त आनंद आहे. तुम्ही मात्र तो पार्सल यायच्या आधीच सही करून ठेवा आणि विक्रेत्याला बजावून सांगा, माल सोमवारी किंवा मंगळवारीच रवाना करायचा.

नमुने लावण्याआधी मी लॅम्डा डीएनएवर (एका विषाणूचा, अशा तपासणीसाठी वापरतात तो डीएनए) एन्झाइम तपासलं. कापलं! नंतरही दर जेलवर एक माहीत असलेला नॉर्मल नमुना ठेवला. प्रायमर (पीसीआरमध्ये तुकड्याची दोन टोकं ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) निवडतानाच तुकड्यात डीडीई-वनची आणखी एक जागा येईल असं बघा, जी प्रत्येकात कापली जाते. ती कापली गेली नाही तर दोष एन्झाइमचा, माणसाचा नाही. छोटे तुकडे एक टक्क्याच्या जेलवर नीट सुटत नाहीत, अगारोज (ज्याचं जेल बनतं ती पूड) तीन टक्के घ्या. ‘जास्त कापेल’ म्हणून एन्झाइम ओतू नका. ग्लिसरॉल पाच टक्क्यांवर गेलं की काही एन्झाइम भलत्या जागीही कापतात.

हो, रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच घ्यायला सांगा, कारण हिरव्या झाकणातलं हेपॅरिन पीसीआर अडवतं. आणि फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री नको, बर्फ वितळवण्यासाठी तो मधूनमधून गरम होतो. तपासणीचा शेरा मिळाला, पण बिल अजून अकाउंट्समध्ये आहे: ‘वॉरंटी’चा रकाना रिकामा कसा, म्हणून.