नेहमीचं माप
बाळंतपणासाठी आलेल्या पेशंटच्या केसपेपरवर रक्तदाब १५२/९८ होता आणि पुढे ‘प्री-एक्लॅम्प्शिया?’ (गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा गंभीर आजार) असा शेरा. उंची १६२ सेंमी, वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४१. दंडाचा घेर भरला ३८ सेंमी, पण त्यावर गुंडाळला होता रक्तदाब मोजायचा नेहमीचाच पट्टा, म्हणजे कफ. कफ लहान पडला की रक्तदाब खोटा चढलेला दिसतो. मोठा कफ लावून, पेशंटला बसवून, दंड छातीच्या पातळीला ठेवून मोजला तर १३०/८२. लघवीत प्रथिनं नव्हती. झटके येऊ नयेत म्हणून द्यायच्या मॅग्नेशियम सल्फेटची तयारी तिथेच थांबवली.

भूलतज्ज्ञांना मात्र लगेच बोलावलं. पाठीवर चरबीचा थर असला की मणके हाताला लागत नाहीत आणि एपिड्यूरलला, म्हणजे पाठीतून द्यायच्या भुलीला, वेळ लागतो. ऐनवेळी सिझेरियन ठरलं तर तेवढी उसंत मिळत नाही. डोकं खालीच आहे हे सोनोग्राफीने पाहिलं. एवढ्या पोटावर नुसत्या हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

पाच सेंटिमीटरवर गर्भाशयाचं तोंड तीन तास अडून राहिलं. ‘सिझरला घ्यायचं का?’ अशी विचारणा झालीच. वजन जास्त असेल तर सहा सेंटिमीटरपर्यंतचा टप्पा मुळातच संथ असतो. बाळाचे ठोके चांगले होते, कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन चालू होतं. शिवाय सिझेरियननंतर जखम चिघळण्याचा आणि पायात गुठळी होण्याचा धोका अशा पेशंटला जास्तच. थांबलो, आणि चार तासांत तोंड पूर्ण उघडलं.

डोकं बाहेर आलं, पण हनुवटी लगेच आत ओढली गेली. खांदा अडकला होता. एका सिस्टरने घड्याळ धरलं. दोन्ही मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडल्या. एकेका मांडीला एक माणूस लागतो, म्हणून दोघी आधीपासून उभ्या होत्या. तिसरीने जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने दाब दिला. पोटावर वरून रेटायचं नाही आणि मान ओढायची नाही: पहिल्याने खांदा आणखी रुततो, दुसऱ्याने हाताच्या नसा दुखावतात. तरी सुटेना, तेव्हा मागचा हात कोपरात दुमडून छातीवरून बाहेर घेतला. दोन मिनिटांच्या आत बाळ बाहेर. वजन ४.१ किलो, दोन्ही हात हलत होते.

रक्तस्राव बेताचाच झाला. गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन लिहिलं होतं ४० मिलिग्रॅम, तेही सवयीने. ९१ ते १३० किलोला रोज ६० लागतं. ते दुरुस्त करून दहा दिवसांसाठी दिलं.