काय टाकलंय ते आधी सांगा

मी प्लंबर. सिंक तुंबलं म्हणून फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, आत काही टाकलंय का? उत्तर ठरलेलं, "नाही हो दादा, काहीच नाही." जाऊन बघावं तर ओट्याखाली ड्रेन क्लीनरची फोडलेली पुडी पडलेली. यात लपवायचं काय ते मला कळत नाही. पुडी दुकानात मिळते, तुम्ही आणली, टाकली. तिनं काम झालं नाही म्हणूनच मला बोलावलं ना? मग पुडीतलं ते कॉस्टिक गेलं कुठं? कुठंच नाही. सिंकखालच्या बाटलीसारख्या भागात, म्हणजे बॉटल ट्रॅपमध्ये, तुंबलेल्या पाण्यात तसंच उभं असतं, आणि खाली आडवा पडून नट सैल करणाऱ्याचं तोंड बरोबर त्याच्या खाली येतं.

माझ्या हाताखालच्या पोराचं असंच झालं. नट सुटला आणि उजव्या डोळ्यात धार. घरातल्या काकू लिंबू कापायला धावल्या, कॉस्टिकवर आंबट उतारा म्हणून! मी पोराला बाथरूमच्या नळाखाली धरला आणि पापण्या फाकवून अर्धा तास पाणी सोडलं. तो शिव्या घालत होता, घालू दे म्हटलं. तिथून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नजर वाचली, बुबुळाच्या कडेला पांढरट डाग राहिला.

पुडीत मुख्य माल म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड. काहींत ॲल्युमिनियमचा चुराही असतो. पाणी लागलं की ते तापतं, फसफसतं, ॲल्युमिनियममुळे हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन पेटतो, आणि आपल्याकडे सिंकच्या शेजारीच शेगडी. वरून कुणी गरम पाणी ओतलं तर उसळून तोंडावर येतं. साधा पीव्हीसी पाइप ६० अंशांच्या पुढं नरम पडायला लागतो, तो वाकडा झालेला मी पाहिलाय. पाणी कमी पडलं तर पुडीचा आत दगड होतो, मग तो गजानं फोडायचा आणि कपच्या चुकवायच्या.

ॲसिड लागलं की लगेच झोंबतं, माणूस हात मागं घेतो. कॉस्टिक तसं नाही. आधी बोटं नुसती बुळबुळीत लागतात. तो आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो. आग सुरू होईपर्यंत ते आत उतरलेलं असतं.

खरी भीती मला दुसऱ्या बाटलीची वाटते. पुडी चालली नाही की लोक वरून टॉयलेट क्लीनर नाहीतर दारावरच्या ॲसिडवाल्याकडचं ॲसिड ओततात. कॉस्टिक आणि ॲसिड भिडलं की उकळून वर येतं. आधी ब्लीच टाकलेलं असेल तर क्लोरीन सुटतो, आणि बाथरूम केवढं, तर चार बाय सहा! खोकत बाहेर यायचं, दार-खिडकी उघडी टाकायची, बघायला परत आत जायचं नाही.

ॲसिडवाल्याचं वेगळंच. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ॲसिड विकताना ओळखपत्र बघा, नोंद ठेवा, १८ वर्षांखालच्याला देऊ नका. हा सायकलवरून जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून देतो. ती बाटली मोरीत, पोराच्या हाताला येईल अशी. पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, जाताना भाजलेला घसा येताना पुन्हा भाजतो. तोंड धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधेसाठी मोफत फोन केंद्र आहे, १८०० ११६ ११७.

आता मी काय करतो ते सांगतो. ट्रॅपला आधी उलटा हात लावून बघतो, कोमट लागला तर हातच घालत नाही. रबरी पंपही मारत नाही, सगळं तोंडावर येतं. काही टाकलेलं नसेल तर मात्र ट्रॅप उघडणं तुम्हालाही जमेल. खाली बादली ठेवा, नट हातानं फिरवा, वायसर हरवू नका. आत निघतं काय? चहाचा चोथा, भाताची शितं, घासणीच्या तारा, आणि या सगळ्याला धरून ठेवणारं गोठलेलं तेल. तारांना कॉस्टिक काही करत नाही. तेलाचा साबण होतो खरा, पण तो पुढं जाऊन न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, बसतो, की मला परत फोन. दिवाळीच्या आठवड्यात तर कढईतलं तळणीचं तेल सरळ सिंकमध्ये जातं. ते डब्यात गाळून ठेवा, नाहीतर जुन्या पेपरात टिपून कचऱ्यात टाका.