घोळक्यातून चेंडू काढणारा

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात लीडरव्हिल स्टेशनवर उतरलं की आधी कानच बधिर होतात. दोन्ही बाजूंनी फ्रीवेवरच्या गाड्या सुसाट चाललेल्या आणि मधल्या पट्ट्यात प्लॅटफॉर्मवर आपण उभे. पादचारी पूल ओलांडून पलीकडे गेलं की मात्र आवाज मागे पडतो. कॉफीची दुकानं, ओले फुटपाथ, लोकरीचे मफलर गुंडाळलेली म्हातारी माणसं. पर्थला पाऊस पडतो तो हिवाळ्यात. आपल्याकडे आषाढ असतो तेव्हा तिथंही भुरभुर चालू असते, फक्त गारठ्यासकट.

धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहायला गेले होते. तिचा बारा वर्षांचा मुलगा पर्थमध्येच जन्मला, तिथंच वाढला. क्रिकेट तो बघतो, पण जीव सगळा 'फूटी'त. म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. पहिल्याच शनिवारी त्यानं मला सांगितलं, "मावशी, मोठ्या स्टेडियमवर नंतर जाऊ. आधी तुला प्रिडिस जिथून आला ते ग्राउंड दाखवतो."

हा मॅट प्रिडिस कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लीडरव्हिल ओव्हल हे सुबिआको क्लबचं घरचं मैदान. ईस्ट पर्थ हा दुसरा क्लबही तिथंच खेळतो. स्पर्धा पश्चिम ऑस्ट्रेलियाची स्थानिक, वाफल म्हणतात तिला. देशभरातली मोठी व्यावसायिक स्पर्धा, एएफएल, हिच्यापेक्षा नवी. ही १८८५ पासून चालू आहे. तिकीट काढून आत गेलो तर एका बाजूला छप्पर असलेला स्टँड, बाकी मैदानाभोवती गवताचा उतार. उतारावर घोंगड्या अंथरून घरची घरं बसलेली. कांदा परतल्याचा वास येत होता.

भाच्यानं नियम सांगितले ते थोडक्यात असे. प्रत्येक संघात अठरा जण. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेनं चेंडू गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातानं फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. आणि चेंडू घेऊन तुम्ही पकडले गेलात, सोडवायची संधी असूनही सोडवला नाहीत, तर तो समोरच्याला मिळतो.

मिडफिल्डरचं, म्हणजे मधल्या फळीतल्या गड्याचं, काम या शेवटच्या नियमात अडकलेलं आहे. अंपायर चेंडू वर उडवतो, दोन उंच गडी त्यावर झेपावतात, चेंडू खाली पडतो आणि आठ-दहा जण त्याच्यावर तुटून पडतात. त्या झोंबाझोंबीतून चेंडू काढून आपल्या मोकळ्या गड्याकडे द्यायचा. मरून जर्सीतला एक बुटका मुलगा मी पहिला अर्धा तास बघत होते. गुडघे चिखलात, दोघे पाठीवर, मान खाली, आणि त्या ढिगाऱ्यातून त्याची मूठ तेवढी बाहेर आली. चेंडू सुटला. टाळ्या पडल्या त्या पुढे धावत जाऊन लांब लाथ मारणाऱ्याला. हा मुलगा उठला, तोंडातलं माती-गवत थुंकला आणि पुढच्या घोळक्याकडे पळाला.

"प्रिडिस असाच खेळायचा," भाचा म्हणाला.

मग उतारावर बसून त्यानं गोष्ट सांगितली. काही मी घरी जाऊन मेव्हण्यांकडून नीट समजून घेतली. प्रिडिसचा जन्म १९८५ चा. सुबिआकोकडून खेळायचा. एएफएलमध्ये खेळाडू घ्यायची पद्धत ड्राफ्टची: वर्षाअखेरीस क्लब आळीपाळीनं एकेक मुलगा निवडतात, आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या क्लबाला पहिली पाळी. बहुतेक मुलं अठराव्या वर्षीच उचलली जातात. निवडीआधी त्यांची मोजमापं होतात, वीस मीटरची धाव घड्याळावर लागते. प्रिडिसचं नाव एका ड्राफ्टमध्ये आलं नाही, पुढच्यातही आलं नाही. मंद आहे, मोठ्या स्पर्धेत याचा टिकाव लागायचा नाही, असं त्याच्याबद्दल म्हटलं जायचं. शेवटी २००५ संपता संपता पर्थच्याच वेस्ट कोस्ट ईगल्सनं त्याला रूकी म्हणून घेतलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. रूकी म्हणजे मुख्य यादीच्या बाहेरचा. पगार कमी, आणि तेव्हा मुख्य यादीत बढती मिळाल्याशिवाय वरच्या संघाकडून उतरता यायचं नाही.

आणि संघ तरी कोणता? ईगल्सच्या मधल्या फळीत तेव्हा ख्रिस जड, बेन कझिन्स आणि डॅनियल कर होते. जड २००४ चा ब्राउनलो पदक विजेता, कझिन्स २००५ चा. ब्राउनलो म्हणजे एएफएलमधला हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. या तिघांच्या मागे उभ्या राहिलेल्या रूकीला जागा कुठून मिळणार? २००६ साली प्रिडिसनं एएफएलमध्ये पदार्पण केलं खरं, पण वर निवड झाली नाही की ईगल्सचे खेळाडू शनिवारी आपापल्या स्थानिक क्लबकडून खेळत. म्हणजे पुन्हा लीडरव्हिल, पुन्हा हेच गवत.

त्या हंगामात त्यानं वाफलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं सँडोव्हर पदक जिंकलं. सुबिआकोनं त्या वर्षीचं अजिंक्यपदही जिंकलं. त्याच सप्टेंबरात मेलबर्नला ईगल्सनं एएफएलची अंतिम लढत सिडनीविरुद्ध ८५-८४ अशी अवघ्या एका गुणानं जिंकली. त्या संघात प्रिडिस नव्हता.

मी इथं भाच्याला थांबवलं आणि विचारलं, हे सँडोव्हर पदक ठरवतं कोण? तो म्हणाला, अंपायर. प्रत्येक सामन्यानंतर ते सगळ्यांत चांगलं खेळलेल्यांना मतं देतात. ब्राउनलोचंही तसंच.

हे ऐकून मी गप्प झाले. मी सांगलीकडची. आठवीपासून खो-खो खेळले. जिल्ह्याच्या निवड चाचणीला तीन वर्षं गेले आणि तिन्ही वर्षं फळ्यावर चिकटवलेल्या यादीत माझं नाव नव्हतं. चाचणीत आधी शंभर मीटर पळायला लावत, घड्याळ लावून. त्यात मी मागेच राहायचे. पण संरक्षणाला उतरले की माझी पळती लांबायची, कारण खो मिळून उठणाऱ्या मुलीचा खांदा कुठं वळणार ते मला आधी कळायचं. हे खुर्चीवर बसलेल्यांना दिसलं नाही. पाटीवर बसलेल्या समोरच्या मुलींना दिसायचं. सामना संपल्यावर त्याच येऊन सांगायच्या. तिसऱ्या वर्षी परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, ते अजून आठवतं.

म्हणून मला त्या अंपायरांचं फार अप्रूप वाटलं. निवड करणारा दुरून बघतो, हातात वेळेचा आकडा असतो. अंपायर घोळक्याला लागून उभा असतो. कोणाच्या मुठीतून चेंडू सुटला ते त्याला दिसतं. प्रिडिसला पहिलं मोठं पदक दिलं ते या जवळून बघणाऱ्यांनी.

पुढचं करिअर थोडक्यात सांगते. २००७ च्या हंगामानंतर जड कार्ल्टन या दुसऱ्या क्लबला गेला, कझिन्सला क्लबनं काढलं. जागा रिकामी झाली, पण संघही कोसळला. २००८ मध्ये फक्त चार विजय, २०१० मध्ये पुन्हा चारच आणि गुणतक्त्यात शेवटचा नंबर. त्या पडत्या काळात प्रिडिस शनिवारामागून शनिवार ढिगाऱ्यातून चेंडू काढत राहिला, गडी पकडत राहिला. २०१४ साली २६ मतं घेऊन त्यानं ब्राउनलो पदक जिंकलं. पुन्हा अंपायरांचीच मतं. मेव्हण्यांनी त्या रात्रीची चित्रफीत दाखवली. कुरळ्या केसांचा तो माणूस सुटाबुटात बसलेला, एकेका फेरीची मतं वाचली जातायत, आणि त्याच्या चेहऱ्यावर पार अविश्वास.

२०१७ मध्ये तो निवृत्त झाला, २४० सामने खेळून. पुढच्याच वर्षी ईगल्सनं पुन्हा अजिंक्यपद मिळवलं. म्हणजे २००६ मध्ये तो संघाच्या दाराशी होता आणि २०१८ मध्ये दाराबाहेर पडलेला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मधल्या २०१५ च्या अंतिम लढतीत तो होता, पण ती हॉथॉर्ननं जिंकली.

मध्यंतराचा भोंगा वाजला आणि उतारावरची सगळी पोरं कुंपण ओलांडून मैदानात शिरली. इथं सुट्टीत प्रेक्षकांना आत जाऊन चेंडू मारता येतो. आपल्याकडे मोठ्या सामन्यात हे स्वप्नातही शक्य नाही! भाच्यानं मला ओढत नेलं. गवत ओलं गच्च. त्यानं चेंडू माझ्या डाव्या हातावर ठेवला, उजव्या हाताची मूठ वळायला लावली, अंगठा बाहेर. पहिले तीन ठोसे वाकडे गेले. चौथा सरळ त्याच्या छातीवर बसला.

"मावशी, आता मी पकडणार, तू सुटून दे."

तो धावत आला. मला त्याचा खांदा वळताना आधीच दिसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुबिआको ओव्हलला गेलो, जिथं ईगल्सचे घरचे सामने व्हायचे. स्टँड २०१९ मध्ये पाडले. आता मोठे सामने नदीकाठच्या साठ हजारांच्या नव्या स्टेडियमवर होतात. तिथंही गेलो, मटागरुप पूल फार देखणा आहे. पण माझ्या लक्षात राहिलं ते सुबिआकोच. १९३५ ची जुनी फाटकं तशीच उभी आहेत आणि आत हिरवं मैदान राखलंय. २०१७ हा या मैदानाचा एएफएलमधला शेवटचा हंगाम, प्रिडिसचाही तोच. आम्ही गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. मैदानाच्या मध्यावर शाळेतली सात-आठ मुलं चेंडूवर पडली होती. भाचा फाटकातून आत गेला तो थेट त्यांच्यात, आणि क्षणभरात त्या ढिगाऱ्यात कुठला तो आणि कुठली ती, मला ओळखू येईना.